तारेचे टोक

माणसाचे अक्षर ओळखता येते तसे त्याचे हातकामही ओळखता येते, हा समज कारागिरांत इतका पक्का आहे की त्याची परीक्षा घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तो बहुधा खराही असतो. मात्र हात बदलला की काम बदलते. आणि तो कधी व कशाने बदलला हे ओळखणारा विसरला असेल, तर त्याची ओळख चुकते. अशाच एका चुकीपायी, लोक कानातली आणि कमरेचे पट्टे विकत घ्यायला जमले होते त्या दालनात, भर दुपारी, तिघांची हाडे मोडली.

दालन जुन्या छापखान्याचे होते. यंत्रे केव्हाच गेली होती; फरशीवरचे शाईचे डाग आणि छत पेलणारे लोखंडी खांब तेवढे उरले होते. वर्षातून दोनदा, तीन दिवस, तिथे गावातल्या डिझायनरांचा सेल भरत असे. चाळीसएक टेबले, त्यांवर जमिनीपर्यंत लोंबणारे काळे कापड, आणि कापडावर हाताने केलेल्या वस्तू: पट्टे, पर्सा, हॅटी, बटणे, ब्रोच, गळ्यातली.

सेलची व्यवस्था एक मावशी पाहत. त्या स्वतः हॅट बनवीत. त्यांनी घालून दिलेला नियम नवख्याला विचित्र वाटे: कोणीही स्वतःच्या मालाशी बसायचे नाही. कोण कोणाच्या टेबलाशी बसणार हे पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरे. नियमाला कारण होते. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने पट्टा हातात घेऊन "हे मशीनचं दिसतंय" असे म्हटल्यावर, तो पट्टा शिवणाऱ्या काकांनी त्याला त्याच पट्ट्याने खांबाला बांधून ठेवले होते. खुद्द मावशींनी त्याच वर्षी आपल्या निम्म्या हॅटी, चेहरा आवडला म्हणून, फुकट वाटून टाकल्या. स्वतःच्या कामाचा भाव माणसाला करता येत नाही, एवढे या दोन प्रकारांवरून सिद्ध झाले असे मावशी म्हणत. नियमाला एक पुरवणी होती. वस्तू विकली गेली की विकणाऱ्याने ती करणाऱ्याला हाक मारायची, आणि करणाऱ्याने येऊन ती गिऱ्हाइकाच्या अंगावर स्वतःच्या हाताने चढवायची. गिऱ्हाइकांना याचे फार अप्रूप होते.

त्या वर्षीच्या चिठ्ठ्यांत, मागच्या दाराजवळच्या ओळीत, तीन टेबले शेजारीशेजारी आली. पहिल्यावर काकांचे पट्टे होते आणि तिथे तारवाली बसली होती. दुसऱ्यावर तारवालीचे दागिने होते आणि तिथे सिस्टर बसल्या होत्या. तिसऱ्यावर सिस्टरांचे ब्रोच होते आणि तिथे काका बसले होते. सिस्टर म्हणजे रुग्णालयाच्या अस्थिविभागात बत्तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या परिचारिका. तारेचे काम त्या उतारवयात शिकल्या होत्या, आणि शिकवणारी तारवालीच होती.

तारवाली छत्तिशीची होती. केस कानांपर्यंत कापलेले, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. डाव्या हाताची दोन बोटे, मधले आणि अनामिका, पेरांत वाकून तशीच राहिलेली. चार वर्षांपूर्वी ती दुसऱ्या गावी, नवऱ्याच्या चांदीच्या कारखान्यात काम करीत होती. पितळेची नि चांदीची बारीक तार वळून दागिना बांधायचा, हे ती आईकडून शिकली होती. आणि आईकडूनच तिने टोक लपवण्याची एक रीत उचलली होती. तिसऱ्या वेढ्यानंतर तार उलटी फिरवायची, दुसऱ्या वेढ्याखाली सारायची आणि डाव्या अनामिकेच्या नखाने आत लोटायची. मग टोक कुठे गेले हे डोळ्याला दिसत नसे, बोटाला लागत नसे. तिच्या दागिन्यांवर नवऱ्याचा छाप उमटे, आणि पाहणारे त्याच्या हाताची तारीफ करीत. एके दिवशी एका गिऱ्हाइकासमोर ती सहज बोलून गेली, "हे मी केलंय."

गिऱ्हाईक गेल्यावर नवऱ्याने तिला कामाच्या बाकाच्या लोखंडी खणातून कानस काढायला सांगितली, आणि तिचा हात आत असताना खण कमरेने रेटला. तो रागावला नव्हता. रागाने रेटला असता तर एका झटक्यात संपले असते. तो सावकाश रेटत होता, आणि रेटता रेटता उद्यापासून दूध अर्धा लिटरच सांगायचे का, असे तिला विचारत होता. हाडे वाजली तेव्हा त्याने खण उघडला आणि म्हणाला, "उजवा राहू दे. कामाला लागेल. परत तोंड उघडलंस तर तोही बघू."

रुग्णालयातून ती घरी गेली नाही. तिथेच, बोटांना व्यायाम म्हणून तार वळायचा प्रयत्न फसू लागला तेव्हा, सिस्टरांनी तार आपल्या हातात घेतली होती. "तू सांग, मी करते. बोटं माझी, डोकं तुझं." त्या महिनाभरात आईची ती रीत तारवालीच्या हातातून गेली आणि सिस्टरांच्या हातात आली. पुढे निवृत्त होऊन परतताना सिस्टरांनीच तिला आपल्या गावी आणले. तारवाली त्यानंतर टोक पकडीने दाबून बसवू लागली. ते दिसे. काम जरा राकट वाटे. काहींना ते तसेच आवडे. ती कुठे राहते हे सिस्टरांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. मावशींनाही नाही. काकांनी एकदा विचारले होते. तिने पाणी प्यायला उठण्याचे निमित्त केले, आणि काकांनी पुन्हा विचारले नाही.

रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास तिच्यासमोर एक जोडपे उभे होते. नवऱ्याने पट्टा कमरेला लावून पाहिला होता आणि तारवाली एका हातात पंच, दुसऱ्यात लाकडी मोगरी घेऊन भोक पाडत होती.

"आणखी एक पाडा," बायको म्हणाली. "पुढच्या महिन्याची सोय."

"मी कमी करतोय ना आता."

"हो तर. अकरा वर्षं झाली, कमीच करताय."

तारवाली हसली आणि हसताहसता तिची नजर त्या दोघांच्या मधून समोरच्या दाराकडे गेली. तिथे एक माणूस आरशासमोर वाकला होता, आणि मावशी त्याच्या डोक्यावर राखाडी हॅट बसवत होत्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या दोन घड्या वर. मावशींनी हॅट थोडी तिरपी केली. "शोभतेय हो तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि तो मान झुकवून म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा." त्याचा आवाज एवढ्या लांबून ऐकू येणे शक्य नव्हते. तरी तिला तो ऐकू आला.

तिने दुसरे भोक पाडले. ते वाकडे पडले. जोडपे पट्टा घेऊन तिसऱ्या टेबलाशी बसलेल्या काकांकडे सरकले, तशी ती खाली बसली, कापड उचलून टेबलाखाली शिरली आणि गुडघे पोटाशी घेतले. मोगरी हातातच राहिली होती.

"काय गं, काय पडलं?" शेजारून सिस्टर म्हणाल्या.

"तो आलाय."

सिस्टरांनी मान न वळवता विचारले, "कसा दिसतो?"

"हॅट. राखाडी."

"बरं. हलू नकोस."

मागचे दार तिच्यापासून पाच पावलांवर होते. कागदाची रिळे आत घेण्यासाठी केलेले ते रुंद दार उजेडासाठी सताड उघडे ठेवलेले होते. पण ती पाच पावले उघड्यावरची होती, आणि तो एकेका टेबलाशी थांबत, प्रत्येक वस्तू हातात घेत, दोन्ही बाजूंना पाहत येत होता. त्याला घाई नव्हती. दोन महिन्यांपूर्वी कोणा गिऱ्हाइकाच्या शालीवर त्याने एक ब्रोच पाहिला होता, आणि तो कुठून घेतला ते गोड बोलून काढून घेतले होते. टोक न दिसणारे तसे काम जगात एकच हात करतो, याविषयी त्याला शंका नव्हती.

कापडाच्या फटीतून तिला बूट दिसले. काळे, चकचकीत, एका बाजूने जास्त झिजलेल्या टाचांचे. ते तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर थांबले.

"इथं कोणी आहे का?"

"चहाला गेलीय," सिस्टर म्हणाल्या. "पट्टा हवाय का? थांबा थोडं."

"नको. माझा आहे." बूट दोन पावले सरकले. "हे तुमचं का?"

"नाही हो. आमच्यात आपल्या मालाशी बसत नाहीत. मी नुसती विकते."

तो वस्तू उचलत होता. तारेचा बारीक आवाज खाली येत होता. तारवालीने डोळे मिटले. तिने गेल्या सहा महिन्यांत केलेला प्रत्येक नग त्या टेबलावर होता, आणि तो एकेक हातात घेऊन पाहत होता.

"आकार बरा आहे," तो अखेर म्हणाला. "पण शेवट पाहिलात का? पकडीनं चेपलाय. कारागिराच्या बोटाला नख नाही वाटतं."

"असेल काहीतरी अडचण," सिस्टर म्हणाल्या.

"अडचण कसली. आळस. माझ्याकडे असती तर पहिल्या दिवशी हाकलली असती."

वस्तू खाली ठेवल्याचा आवाज आला. बूट पुढे गेले, तिसऱ्या टेबलाशी थांबले, आणि आता त्यांच्या टाचा तिच्याकडे होत्या. त्याच वेळी सिस्टरांचा पाय कापडाखालून आत आला आणि त्याने तिच्या गुडघ्याला दाराच्या दिशेने दोनदा ढकलले. अर्थ स्पष्ट होता. त्याची पाठ आहे, जा.

ती गेली नाही. भीतीने गेली नाही असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल, कारण भीती तिला पळायलाच सांगत होती. तिला त्या क्षणी दुसरे काही कळले होते. आता तो ज्या ब्रोचवर हात ठेवणार होता ते सिस्टरांचे होते, आणि त्यांची टोके दिसत नव्हती.

"हे," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "हे कोणाचं?"

काका खुशीत आले. नियमाचा हा भाग त्यांना सर्वांत प्रिय होता. "आवडलं? आवडणारच. टोक शोधून दाखवा, हा असाच देतो. काल एका बाईंनी भिंग आणलं होतं घरून."

"घेतो मी. करणारीला बोलवा."

"करणारी इथंच बसलीय की. अहो सिस्टर, या, तुमचं गिऱ्हाईक."

काकांना कोणी काही सांगितले नव्हते, आणि सांगायला वेळही नव्हता. सिस्टर उठल्या. त्यांचे पाय संथपणे तिसऱ्या टेबलाकडे गेले.

"तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही केलंय हे?"

"हो. कुठं लावू? खिशावर शोभेल."

"कोणी शिकवलं?"

"पुस्तकातून शिकले."

"हे पुस्तकात नाही, बाई." तो अजून सौम्यच बोलत होता. "ही माझ्या सासूची रीत. तिच्या मुलीखेरीज कोणाला येत नाही. कुठं आहे ती?"

"मला काय माहीत तुमची बायको."

"मी बायको म्हणालो नाही. मुलगी म्हणालो."

सासूची मुलगी म्हणजे बायकोच, असा युक्तिवाद सिस्टरांना करता आला असता. त्यांनी तो केला नाही. तेवढ्या विलंबावरून त्याला जे हवे होते ते कळले. त्याने ब्रोच घेण्यासाठी हात पुढे करावा तसा हात पुढे केला, सिस्टरांचे मनगट पकडून टेबलावर दाबले आणि त्यांची करंगळी मुठीत धरून मागे वाकवली.

"कुठं आहे?"

"असं नाही मोडत," सिस्टर म्हणाल्या. "बत्तीस वर्षं हाडं बघितलीत मी. असं नुसतं निखळतं."

त्याने पकड बदलली. आवाज झाला, काटकी मोडावी तसा, पण ओल्या काटकीचा. सिस्टरांनी ओठ आवळले आणि नाकाने लांब श्वास घेतला. किंचाळली ती पलीकडच्या टेबलावरची कोणी बाई.

"ए," काका म्हणाले, आणि टेबलावरून झेपावले. टेबल उलटले, ब्रोच फरशीवर उधळले. काका साठीचे होते. पण चामडे ओढून ओढून त्यांचे दंड अजून दोरखंडासारखे होते. त्यांनी त्याच्या शर्टाची गळपट्टी धरून त्याला खांबावर आपटले. हॅट पडली. एकदा आपटून काका थांबले, आणि ती त्यांची चूक झाली, कारण माणूस एकदा आपटला की शहाणा होतो असे ते आयुष्यभर मानत आले होते. त्याने उलटलेल्या टेबलावरून घरंगळलेला, ब्रोच मांडायचा स्टँड उचलला. त्याची बैठक ओतीव लोखंडाची होती. ती काकांच्या जबड्यावर बसली. काका गुडघ्यांवर आले. त्यांच्या तोंडातून रक्त आणि रक्तातून तीन दात फरशीवर पडले. त्याने दुसऱ्यांदा मारले ते कानावर, आणि काका आडवे झाले.

भोवती तीसचाळीस माणसे होती. ती मागे सरली आणि गोल करून उभी राहिली. मावशी दाराशी फोनवर ओरडत होत्या.

"कोणी मध्ये येऊ नका," तो लोकांना म्हणाला. त्याला थोडा दम लागला होता. "माझी बायको लपवलीय या बाईनं. चार वर्षं. मला फक्त पत्ता हवाय."

गोलातून एक मध्यमवयीन गृहस्थ, हातात दोन पिशव्या, समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो बाई, मग सांगून टाका ना. नवराच आहे तो तिचा. तुम्ही कशाला मधे जीव देताय?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिले. "तुम्ही पिशव्या सांभाळा," त्या म्हणाल्या.

त्याने सिस्टरांचे दुसरे बोट धरले.

पाच पावलांवरचे दार अजून उघडे होते. बाहेर ऊन होते, एक हातगाडी उभी होती, आणि रस्ता होता. शौर्याविषयी जे लिहिले जाते त्यात असे गृहीत असते की शूर माणसाने निवड केलेली असते. तारवालीने निवड केली नाही. ती दारातून गेली असती तर सिस्टरांची दहाही बोटे गेली असती आणि पत्ता निघाला नसता, एवढे तिला ठाऊक होते. अशा ज्ञानानंतर निवडायला काही उरत नाही. ती कापडाखालून बाहेर आली आणि उभी राहिली.

"मी इथंय."

त्याने वळून पाहिले. केस, चष्मा, मग हात. सिस्टरांचे बोट त्याने सोडून दिले, आणि तो हसला. खरेच आनंदाने हसला.

"टेबलाखाली," तो म्हणाला. "अगं, किती शोधायचं माणसानं? चल. घरी चल."

तिने मोगरी दोन्ही हातांनी फिरवली. ती त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर बसली आणि तो एका पायावर कोसळला. पण कोसळताना त्याने तिचे केस धरले. तिचे डोके खांबावर आदळले. चष्मा फुटला. दुसऱ्यांदा आदळले तेव्हा तिला खांब दिसेनासा झाला. मोगरी हातातून सुटली की नाही हे तिला समजत नव्हते. तो लंगडत तिला तिच्याच मालाच्या टेबलाशी ओढत घेऊन गेला, कोपराने दागिने बाजूला सारले, आणि तिचा उजवा हात काळ्या कापडावर पालथा ठेवून मनगट दाबले. त्याच्या दुसऱ्या हातात तोच स्टँड होता.

"मी म्हटलं होतं की नाही," तो म्हणाला, घरातल्या आवाजात. "म्हटलं होतं ना?"

तिने मनगट सोडवायचा प्रयत्न केला नाही. ती फक्त त्याच्या हातातल्या लोखंडाकडे पाहत राहिली, आणि ते वर गेले, आणि खाली आले नाही.

जमिनीवरून रांगत आलेल्या काकांनी पट्ट्यांच्या टेबलावरचा एक रुंद पट्टा ओढून घेतला होता. त्याचा फास त्यांनी मागून त्याच्या गळ्यात टाकला आणि स्वतःचे सगळे वजन मागे झोकून दिले. त्यांच्या मोडलेल्या जबड्यातून कसलाही शब्द निघत नव्हता. रक्ताचे बुडबुडे निघत होते. स्टँड खाली पडला. तो गळ्यापाशी डाव्या हाताने पट्टा ओरबाडू लागला, आणि उजव्या हाताने तोल सावरण्यासाठी त्याने टेबलाचा आधार घेतला. बोटे पसरलेली, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर.

मोगरी सुटली नव्हती. ती तिच्या डाव्या हातात, दोन वाकड्या बोटांत आणि तळव्यात अडकलेली होती. तिने ती उजव्या हातात घेतली.

पहिला घाव चुकून मनगटावर बसला. दुसरा बोटांवर. तिसऱ्याला त्याने हात ओढून घेतला असता. पण बोटे आता त्याचे ऐकत नव्हती. तो ओरडला. संसाराच्या नऊ वर्षांत तिने त्याचा वर चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो असा बारीक आहे याचे तिला आश्चर्य वाटले. चौथा घाव पडला तेव्हा तो काकांच्या अंगावर मागे झुकला होता, डोळे पांढरे झाले होते, आणि हात टेबलावर नुसता पडून होता.

"पुरे," सिस्टर म्हणाल्या.

तिने पाचवा मारला. त्याची गरज नव्हती. हे तिला मारण्यापूर्वी माहीत होते.

सहाव्यासाठी मोगरी वर गेली तेव्हा सिस्टरांनी आपला हात, करंगळी भलत्याच बाजूला लोंबत असलेला, त्याच्या चिरडलेल्या हातावर झाकणासारखा ठेवला.

"आता मार," त्या म्हणाल्या.

मोगरी वर राहिली. गोल करून उभ्या असलेल्यांपैकी कोणी हलले नाही. मग तिने ती टेबलावर ठेवली, हलकेच, कोणाची तरी वस्तू परत करावी तशी.

सिस्टरांनी त्याची बोटे एकेक करून चाचपली. "चार," त्या म्हणाल्या. "अंगठा शाबूत आहे. काका, पट्टा सैल करा, मरेल तो. मावशी, हॅटीत घालता त्या पट्ट्या आणा, कडक असतील त्या. आधी काकांना बघू. तुम्ही, पिशव्यावाले, तुमचा रुमाल द्या." गृहस्थांनी रुमाल दिला. सिस्टरांनी स्वतःच्या करंगळीकडे सर्वांत शेवटी पाहिले.

पोलीस ठाण्यातली खोली लहान होती. हिरवट भिंती, एक लाकडी टेबल, समोरासमोर दोन बाके. काकांना रुग्णालयात नेले होते. सिस्टरही तिकडेच होत्या. दारापाशी मावशी उभ्या होत्या. त्यांना आत येऊ दिले नव्हते आणि बाहेर जायला त्या तयार नव्हत्या. समोरच्या बाकावर तो बसला होता, दोन शिपायांच्या मध्ये. त्याचा हात हॅटीच्या पट्ट्यांत बांधून गळ्यात अडकवला होता. रुग्णालयात त्याचीही पाळी यायची होती. तोवर जबाब घ्यावा असे हवालदाराने ठरवले होते.

हवालदार वयस्क होता आणि त्याचे पेन सावकाश चालत असे.

"त्यांनी आधी मारलं?"

"हो."

"मग तुम्ही?"

"हो. गुडघ्यावर. मग हातावर, पाच वेळा."

"तेव्हा ते तुम्हाला मारत होते?"

कपाळावरची जखम ठणकत होती आणि चष्म्याशिवाय हवालदाराचा चेहरा पुसट दिसत होता. "चार वेळा मारलं तेव्हा, मी थांबले असते तर त्यानं मला सोडलं नसतं. पाचव्यांदा मारलं तेव्हा तो काही करत नव्हता."

दारातून मावशी म्हणाल्या, "अगं, कशाला सांगतेस ते."

"विचारलंय त्यांनी, मावशी."

हवालदाराने पेन उचलून तिच्याकडे पाहिले. "हे लिहिलं तर तुमच्यावरही गुन्हा बसेल, बाई. समजतंय ना?"

"लिहा."

त्याने लिहिले. त्याने तिचे नाव विचारले, ते तिने सांगितले. चार वर्षांत प्रथमच ते मोठ्याने उच्चारले गेले, आणि मावशींनी मान वर करून ते ऐकले. मग त्याने पान उलटले.

"पत्ता?"

समोरच्या बाकावरचे डोके वर आले. इतका वेळ तो जमिनीकडे पाहत, दातांतून श्वास घेत बसला होता. आता तो पुढे झुकला. तो ऐकत होता.

हवालदाराच्या ते ध्यानात आले. त्याने पेन खाली ठेवले. "यांना बाहेर बसवू का आधी? की तुम्ही कागदावर लिहून देता?"

तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. कागदावर लिहून देणे सोपे होते. आणि तो कागद फायलीत जाईल, फाईल कोर्टात जाईल, त्याचा वकील ती वाचेल. दोन महिन्यांनी नाहीतर सहा महिन्यांनी त्याला पत्ता कळेलच, आणि तोवर जिन्यात वाजणारे प्रत्येक पाऊल ती मोजत राहील. तेवढे मोजणे तिने चार वर्षे केले होते. ते आणखी सहा महिने करण्याची तिची तयारी नव्हती, की ताकद उरली नव्हती, हे तिला सांगता आले नसते.

"राहू दे त्याला," ती म्हणाली.

तिने घराचा क्रमांक सांगितला. रस्ता सांगितला. हवालदाराला नीट ऐकू आले नाही.

"जरा मोठ्यानं."

तिने पुन्हा सांगितला, मोठ्याने, हवालदाराकडे न पाहता, समोरच्या बाकाकडे पाहत. तिथला चेहरा तिला पुसटच दिसत होता. तो काय करतोय हे तिला कळत नव्हते.

"मजला?"

"तिसरा. जिन्यातून वर आलं की डावीकडचं दार."

हवालदाराने लिहिले.